कोल्हापुरात नोकरीला येताय? पगाराचा हिशेब वर्षाचा मांडा

दरवर्षी जून-जुलैत आमच्या ऑफिसात नवी मुलं-मुली रुजू होतात. कुणी गडहिंग्लज-चंदगडकडचं, कुणी कोकणातून घाट चढून आलेलं, आणि अलीकडे पुण्यातली नोकरी सोडून परत येणारेही बरेच. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मी गेली अनेक वर्षं पगारपत्रकं करते. पहिला पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी यांतलं कुणी ना कुणी माझ्या टेबलापाशी येतं. "मॅडम, लेटरमध्ये वेगळा आकडा होता, खात्यात एवढेच कसे?" सात-आठ महिन्यांनी त्यातलेच काहीजण उचल मागायला येतात, तेव्हा मला जास्त वाईट वाटतं. कारण उधळपट्टी करणारी ही मुलं नसतात. महिन्याचा हिशेब त्यांनी नीट ठेवलेला असतो, पण इथला खर्च महिन्याच्या मापानं येत नाही. तो जूनला येतो, गणपतीत येतो, दिवाळीला येतो आणि उन्हाळ्यात चटणी करायच्या दिवसांत येतो.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहून काढलंय. कापले जाणारे पैसे नियमाप्रमाणे दिलेत. घरखर्चाचे आकडे मात्र उदाहरणापुरते धरलेत, तिथं तुमचे आकडे घाला.

पहिलं काम: पत्र हातात घेऊन हातात येणारा पगार काढा

अपॉइंटमेंट लेटरवर जो मोठा आकडा असतो, तो कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटीची, म्हणजे बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूदसुद्धा असते. एक उदाहरण घेऊ. मशीन शॉपमध्ये लागलेल्या मुलाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० आणि घरभाडे भत्ता ४,०००, म्हणजे एकूण १८,०००. कंपनी यावर तिच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ, म्हणजे १,६८० भरते, ईएसआय पूर्ण १८,००० वर धरला तर सव्वातीन टक्क्यांनी ५८५ भरते आणि ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, म्हणजे ६७३ बाजूला दाखवते. पत्रावरचा आकडा झाला २०,९३८. मुलगा घरी सांगतो, एकवीस हजाराची नोकरी लागली.

आता त्याच्या बाजूनं कापायचे पैसे: पीएफ १,६८०, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १३५, व्यवसाय कर २००. हातात १५,९८५. एकवीस आणि सोळा यांतल्या पाच हजारांवर घरच्यांनी आधीच मनोरे रचलेले असतात. म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी एचआरला सरळ विचारा, "खात्यावर किती जमा होतील?" यात लाजायचं काही नाही. चांगली कंपनी कागदावर लिहून देते.

व्यवसाय कराचं एवढं लक्षात ठेवा. महाराष्ट्रात पगार १०,००० च्या वर असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० कापतात. बायकांना मात्र एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. वरच्या उदाहरणात मुलगी असेल तर तिच्या हातात १६,१८५ यायला हवेत. पगारपत्रकात चुकून दोनशे कापले जात असतील तर सांगा, दुरुस्त होतं.

दुसरी बारीक गोष्ट २१,००० च्या रेघेची. ईएसआय या मर्यादेपर्यंतच्या पगाराला लागतो. पगारवाढीनं तुम्ही रेघ ओलांडली तरी चालू सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत कपात चालू राहते. त्यानंतर ती थांबते, आणि उपचार आणखी काही महिने मिळून मग तेही बंद होतात. आमच्याकडच्या एका ऑपरेटरला वाढ मिळून पगार साडेएकवीस झाला. पेढे वाटले. दीड वर्षानं वडिलांचं ऑपरेशन निघालं तेव्हा त्याला कळलं की आपलं कार्ड कधीच बंद झालंय. वाढ मिळाली त्याच आठवड्यात आरोग्य विमा घ्यायला हवा होता, आणि ते त्याला मी सांगायला हवं होतं. तेव्हापासून वाढीच्या प्रत्येक पत्रासोबत मी हे तोंडी सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. विमा घेताना पावतीवर तो लावलेला नाही ना, हे बघा.

दुसरं: इन्कम टॅक्सची भीती घालवा, आणि त्या भीतीपोटी काही विकत घेऊ नका

कोल्हापुरात पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्या बहुतेकांना इन्कम टॅक्स लागतच नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सूट मिळून पगारावरचा कर शून्य होतो. पगारदारांना त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावट आहेच. म्हणजे वर्षाचा पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर टॅक्स नाही.

आता ३५,००० च्या पगाराचं बघा. वर्षाचे ४,२०,०००, वजावट जाता ३,४५,०००. चार लाखांच्याही आत. यातून पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला तर १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातात, हातात ३३,००० येतात. या माणसाला फेब्रुवारीत कुणीतरी ओळखीचा एजंट गाठतो आणि "टॅक्स वाचवायला" वर्षाला वीस-पंचवीस हजारांची पॉलिसी गळ्यात मारतो. वाचवायला मुळात टॅक्सच नाही. शिवाय विमा-बचतीवरची वजावट (जिला ८० सी म्हणतात) फक्त जुन्या पद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत त्या पॉलिसीचा कराशी काही संबंध उरत नाही. घरात कमावता एकच माणूस असेल तर साधा टर्म इन्शुरन्स जरूर घ्या. पण तो घरच्यांसाठी घ्या, टॅक्ससाठी नको.

मोठ्या पगाराच्या लोकांसाठी एक जागा अडचणीची आहे, आणि घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ती हमखास भेटते. समजा वर्षाचा पगार १३ लाख २० हजार आहे. वजावट जाता १२,४५,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६६,७५० येतो, पण १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही, अशी सवलत आहे. म्हणून कर ४५,०००, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ४६,८००. म्हणजे पावणेतेरा लाखांच्या वर मिळालेले सगळे ४५,००० करात गेले, वर खिशातले १,८०० गेले ते वेगळेच. साधारण १३ लाख ४५ हजारांपर्यंत हीच गत राहते. तुमची वाढ नेमकी या पट्ट्यात पडत असेल तर कंपनीला सांगा, वाढीचा भाग एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) कंपनीचा वाटा म्हणून भरा. मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या पद्धतीतही करातून वजा होते.

तिसरं: खोली बघताना आधी पाणी, मग अंतर, मग भाडं

पुण्या-मुंबईहून येणारे आधी भाडं विचारतात. कोल्हापुरात आधी विचारायचं, "२०१९ ला आणि २०२१ ला इथं पाणी कुठवर आलं होतं?" राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट आहे. त्या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्कचा सखल भाग, जयंती नाल्याच्या कडेच्या गल्ल्या इथं पाणी शिरलं होतं. मालक कदाचित सांगणार नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला सांगतो, भिंतीवर हात ठेवून दाखवतो. आमच्याकडच्या एका मुलानं स्वस्तात मिळाली म्हणून तळमजल्याची खोली घेतली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये गादी, फ्रिज, सर्टिफिकेटांची फाइल सगळं गेलं. महिन्याला दीड हजार वाचवत होता, सहा महिन्यांत नऊ हजार वाचले होते, आणि एकटा फ्रिजच त्याहून महाग होता. त्या भागात राहायचंच असेल तर वरचा मजला बघा.

पुराचा दुसरा हिशेब कामावर जाण्याचा. त्या दोन्ही महापुरांत शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली गेला होता. शहरात राहून शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांची वाट बंद झाली. अशा दिवसांची रजा भरपगारी की बिनपगारी, हे रुजू होतानाच विचारा. दोन-चार रजा जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवा.

अंतराचं गणित लोक करत नाहीत आणि तिथं पैसे गळतात. नोकरी गोकुळ शिरगावला किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत असेल तर उजळाईवाडी, सरनोबतवाडीची बाजू सोयीची. शिरोलीला असेल तर उचगाव बघा. उद्यमनगरात असेल तर राजारामपुरी किंवा मंगळवार पेठेतून चालतसुद्धा जाता येतं. रोज येऊन-जाऊन ३० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, गाडी लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ धरलं, तर महिन्याला १,६४० रुपये नुसते पेट्रोलचे. कामाजवळची खोली हजार रुपयांनी महाग असली तरी ती स्वस्त पडते, आणि तिसरी पाळी करून झोपेत गाडी चालवायची वेळ येत नाही. कंपनीची बस असेल तर तिचा थांबा कुठं आहे हे आधी विचारा, मग खोली शोधा.

करारनाम्याबद्दल थोडक्यात. आपल्या राज्यात ११ महिन्यांचा भाडेकरारसुद्धा नोंदवावाच लागतो. नुसत्या नोटरीवर भागवू नका. भाडं ७,००० आणि डिपॉझिट ३०,००० असेल तर ११ महिन्यांच्या करारावर पाव टक्क्यानं स्टॅम्प ड्युटी दोनशेच्या आसपास येते, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. लाइटचा मीटर स्वतंत्र आहे का, पाणी महापालिकेचं की बोअरचं, हे करारात लिहून घ्या. राहायला जाताना मीटरच्या आकड्याचा आणि भिंतींचा फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी तो फोटोच उपयोगी पडतो.

चौथं: वर्षाचं पान

एक फुलस्केप कागद घ्या, आडवा धरा आणि एप्रिल ते मार्च असे बारा रकाने पाडा. ३३,००० हातात येणारं नवरा-बायको आणि बालवाडीतलं एक मूल, असं घर धरू.

महिन्याचा खर्च असा: भाडं ८,०००, किराणा-भाजी ६,५००, दूध २,१००, रविवारचं मटण १,४००, गॅस-लाइट-फोन २,५००, पेट्रोल १,६५०, गावाकडं ३,०००. एकूण २५,१५०. दूध आणि मटण मी मुद्दाम वेगळं लिहिलंय. दूध रोज एक लिटर म्हशीचं, लिटरला ७० धरलं. मटण दर रविवारी अर्धा किलो, किलोला ७०० धरलं. बाहेरून आलेले लोक हे दोन आकडे किराण्यात मिसळतात आणि मग किराणा कसा वाढला म्हणून कोड्यात पडतात. गंगावेशीत समोर धार काढून दिलेलं दूध एकदा प्यायलं की घरातल्या दुधाचा रतीब अर्ध्या लिटरवर राहत नाही. आणि मटणाच्या दरावरून २०१९ च्या शेवटी या शहरात आंदोलनं झाली होती, यावरून इथल्या रविवारचं वजन ओळखा. हे खर्च टाळा असं मी सांगणार नाही. ते मोजा.

तर उरले ७,८५०. वर्षाचे ९४,२००. इथपर्यंत आलेला माणूस खूश होतो आणि साडेतीन हजारांच्या हप्त्यावर नवी गाडी काढतो. आता तोच कागद पुन्हा घ्या आणि महिन्याला न येणारे खर्च त्या त्या रकान्यात भरा. जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, वह्या २२,०००. गणपती-दिवाळीचे कपडे, फराळ, गावी येणं-जाणं १४,०००. आरोग्य विमा १५,०००. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, टायर ६,०००. लग्नकार्यातले आहेर ८,०००. दवाखाना ८,०००. चटणी आणि वर्षाचं धान्य ८,०००. बेरीज ८१,०००.

९४,२०० मधून ८१,००० गेले, राहिले १३,२००. महिन्याला अकराशे. साडेतीन हजारांचा हप्ता यात बसत नाही. पगार ३३,००० चा असूनही बसत नाही. उचल मागायला येणारा प्रत्येकजण या बेरजेपाशी अडकलेला असतो, आणि ती बेरीज त्यानं कधी मांडलेली नसते.

यावर उपाय एकच मला पटलेला आहे. ८१,००० भागिले १२ म्हणजे ६,७५०. पगार झाला त्या दिवशी एवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाका, ज्याचं कार्ड खिशात नसतं. जूनची फी त्यातून जाते, मार्च-एप्रिलची मिरची त्यातूनच येते.

मिरचीबद्दल नव्या माणसाला सांगावंच लागतं. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून केलेलं वर्षाचं लाल तिखट. उन्हाळ्यात लक्ष्मीपुरीत संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची पोती लागतात, गल्लीत प्रत्येक गच्चीवर मिरची वाळत असते आणि डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, नंबर लावावा लागतो. पहिल्या वर्षी मी हे टाळलं, बाजारातली पुडी आणत राहिले. वर्षअखेरीला पुड्यांच्या पैशांत घरची चटणी सहज झाली असती. पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंबरोबर मिळून केली. मिरची निवडायला त्यांचे हात, डंकावर थांबायला मी. मिळून केली की मजुरी वाटून जाते, आणि आणलेला मसाला वाया जात नाही.

एकट्या मुलामुलींसाठी

१५,९८५ हातात येणाऱ्यानं स्वतंत्र खोलीच्या मागं पहिल्या वर्षी लागू नये. कॉट बेसिसवर (सामाईक खोलीत एका खाटेचं भाडं) ३,०००, डबा ३,२००, प्रवास १,०००, फोन ४००, नाश्ता आणि किरकोळ १,२००, घरी ४,०००, मिळून १२,८००. उरतात ३,१८५. कंपनीत कँटीन असेल तर डबा एकच वेळचा लावा. ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट आहे, पण फाउंड्री आणि मशीन शॉपचं काम ऑर्डरीवर चालतं. तीन महिने भरपूर, मग दोन महिने काहीच नाही. ओव्हरटाइमच्या भरवशावर हप्ता घेऊ नका. २१,००० च्या आतल्या पगाराला बोनस कायद्यानं किमान ८.३३ टक्के मिळतो, पण तो हिशेबाला पूर्ण पगारावर धरतातच असं नाही. ७,००० किंवा किमान वेतन यांतला मोठा आकडा धरतात. दिवाळीला किती येईल हे जुन्या कामगाराला विचारा, तो बरोबर सांगतो.

गावी एसटीनं जाणाऱ्या मुलींनी हे धरून चाला: मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. दर पंधरवड्याला घरी जाणाऱ्या मुलीच्या कागदावर हा आकडा चांगलाच फरक पाडतो.

पुण्याहून परत येताना

पुण्यात ६०,००० मिळत होते, इथं ४२,००० देतायत, "कोल्हापूर स्वस्त आहे" असं मुलाखतीत सांगतात. हे सरसकट मान्य करू नका. दोन्ही पगारांवर इन्कम टॅक्स शून्यच आहे, त्यामुळे तुटणारे १८,००० जवळपास पूर्णच हातातून तुटतात. तेल, पेट्रोल, मोबाइल, औषधं यांचा भाव इथं वेगळा नाही. स्वस्त काय, तर भाडं, भाजी आणि अंतर. घर स्वतःचं असेल, पुण्यात भाड्यालाच पंधरा-सोळा हजार जात असतील आणि आई-वडील इथं असतील तर यावं, खुशाल यावं. इथंही भाड्यानंच राहणार असाल तर ४८-५० च्या खाली उतरू नका, निदान सहा महिन्यांनी फेरविचार होईल असं पत्रात लिहून घ्या.

पैसे ठेवायचे कुठं

इथं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि ओळखीनं ठेवी मागितल्या जातात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. जास्त व्याज दिसलं तरी जूनच्या फीचे पैसे तिथं ठेवू नका. भिशी लावायची तर ज्यांच्या घरी तुमचं येणं-जाणं आहे अशांचीच लावा.

पीएफ नोकरी बदलताना काढू नका. २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालंय, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी जोडून यावी लागते. जुनी रक्कम त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकावर) नव्या कंपनीकडं वळवून घ्या. दर तीन महिन्यांनी पासबुक उघडून बघा. माझ्या पहिल्या नोकरीत पगारपत्रकात पीएफ कापल्याचं दिसायचं, आणि चौदा महिन्यांपैकी पाच महिने तो भरलेलाच नव्हता. नोकरी सोडल्यावर मला ते कळलं. पगाराच्या चिठ्ठ्या मी आईच्या सांगण्यावरून एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या पाच चिठ्ठ्या जोडून पीएफ कार्यालयात तक्रार दिली आणि पैसे जमा झाले. आता तक्रार ऑनलाइन देता येते. पण चिठ्ठी मागतातच. दर महिन्याची चिठ्ठी मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कंपनीच्या ईमेलवर नको. नोकरी सुटली की तो ईमेल त्याच दिवशी बंद होतो.